ठरवलेले काम विसरणे: वय की आजाराची सुरुवात?

प्रश्न: माझ्या आईचे वय ७१ आहे. जुने प्रसंग तिला तपशिलासह आठवतात. मात्र रात्री नऊची रक्तदाबाची गोळी ती हल्ली वरचेवर विसरते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का?

उत्तर १: पुढे करायचे काम वेळेवर आठवणे ही वेगळी स्मृती आहे. आइन्स्टाइन व मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिचे दोन प्रकार दाखवले: ‘जेवण झाले की गोळी’ यात बाहेरची खूण मदतीला येते, तर ‘नऊ वाजता गोळी’ यात मनालाच वेळेचे भान ठेवावे लागते, आणि उतारवयात हेच अधिक जड जाते. गोळी जेवणाशी जोडून पाहा.

उत्तर २: सहमत आहे, तरी एक भर घालतो. प्रयोगशाळेत मागे पडणारे ज्येष्ठ घरच्या रोजच्या कामांत अनेकदा तरुणांपेक्षाही चोख असतात; म्हणून अंगवळणी पडलेले काम सुटू लागले आणि आठवण करून दिल्यावरही ‘मला हे करायचे होते’ असे वाटेनासे झाले, तर तपासणी लांबवू नये. ब-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही असे होते, आणि त्यांवर उपचार आहेत.

प्रश्नकर्ती: आठवण करून दिली की तिला लगेच आठवते. तरीही याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेते.