विहिरीच्या खोदकामातला काळा दगड टँकमध्ये चालेल का?

सिडकोकर:
नमस्कार मंडळी, दोन फुटी फिश टँक घेतलाय, ६० बाय ३० बाय ३६ सेंमी. इवागुमी करायचंय, म्हणजे नुसते दगड आणि खाली हिरवा गालिचा, बाकी खजिन्याची पेटी नको नि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या नको. दुकानात सेइर्यू दगडाचा, म्हणजे अशा टँकसाठी विकतात त्या शोभेच्या दगडाचा, किलोचा भाव ऐकला आणि गपचूप घरी आलो. मामाकडे दिंडोरीला विहीर खणलीये, तिथे काळ्या दगडांचा हा ढीग पडलाय, ते चालतील का? आणि गालिच्याला माँटे कार्लो लावू का एचसी क्यूबा, दोन्ही पाण्याखाली पसरणारी बुटकी रोपं? रोपांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायच्या सिलेंडरचं बजेट सध्या नाही.

दगडोबा:
बिनधास्त आण रे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो पाण्याला काही करत नाही, उलट ज्याचा भाव ऐकून तू परत आलास त्या सेइर्यूतच चुना असतो आणि तो पाण्याचा जडपणा वाढवतो. फक्त दगडात पांढरे ठिपके, शिरा दिसतात ना ते तपास. काही ठिकाणी झिओलाइट असतं, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये ठेवलंय तसलं, त्याचं टेन्शन नाही, पण काही ठिकाणी कॅल्साइट असतं, म्हणजे परत चुनाच. पांढऱ्यावर व्हिनेगरचे थेंब टाक, फसफसलं की तो दगड बाद. आणि द्राक्षबागेच्या बांधावरचे उचलू नको, तिथे बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी होते म्हणजे मोरचूद आलं, पुढे कोळंबी सोडशील तर तांब्याने मरेल. खोलातून निघालेलेच घे आणि ब्रशने खसाखसा घास.
मांडताना ३ किंवा ५ असे विषम घे. मोठा दगड, जपानी लोक ओयाइशी म्हणतात तो, मधोमध नको, जरा बाजूला आणि किंचित कललेला, बाकीच्यांच्या रेषा त्याच्याच दिशेने. बुड सॉइलमध्ये, म्हणजे टँकच्या तळाला घालतात त्या खास मातीत, गाडायचं, नाहीतर आणून ठेवल्यासारखे दिसतात. ताकाशी अमानोचे टँक नेटवर बघ, ज्याने हे जगभर नेलं तो, दगड कमी आणि मोकळी जागाच जास्त दिसेल.

गंगापूररोडची_ताई:
सीओटू नाही तर क्यूबाचं नावच काढू नकोस, पैसे पाण्यात. माँटे कार्लो घे आणि ड्राय स्टार्ट कर, म्हणजे पाणी न भरता आधी रोपं रुजव. सॉइल पुढे ३-४ सेंमी, मागे ८ च्या आसपास, ओली कर पण पाणी साचू देऊ नको. रोपाच्या चिमूटभर गड्ड्या चिमट्याने खोचायच्या, २-३ सेंमी अंतर सोडून, वरून क्लिंग रॅप. रोज थोडा वेळ उघडून हवा दे आणि फवारा मार, बुरशी दिसली तर तेवढा भाग लगेच काढ. साधारण ६-८ आठवड्यांत मुळं धरतात, मग सावकाश पाणी भर. गालिचा जाड झाला की कात्री चालवायची, आळस केलास तर खालचा थर पिवळा पडतो आणि अख्खी चटई सुटून वर तरंगते.

निफाडवाला:
ताईंचं बरोबर. पाणी भरल्यावर लाइट ६ तासच ठेवा भाऊ, त्यात सीओटू नाही म्हणजे लाइट कमीच बरा, जास्त दिला की शेवाळ आधी येतं गालिचा नंतर. नवीन सॉइल अमोनिया सोडते, मासे लगेच नकोत. आणि एप्रिल-मे चा विचार आत्ताच करा, इकडे पारा ४० ला टेकतो, पाणी ३० च्या वर गेलं की गालिचा मान टाकतो. पाण्यावर छोटा फॅन लावला की २-३ डिग्री उतरतं पण पाणी भराभर उडतं, ते भरायला बोअरचं नको, आरओचं घाला, नाहीतर क्षार साठत जातात.

सिडकोकर:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. व्हिनेगर टाकलं, दोन दगड फसफसले, ते मामीने तुळशीपाशी लावून टाकले. मोठा मात्र ओके निघालाय, २४ सेंमी उंच आहे, ३६ च्या टँकला जास्त होईल का?

दगडोबा:
नाही रे, दोन तृतीयांश म्हणजे बरोब्बर, त्यात थोडा गाडला जाणारच. पण खाली थर्माकोल किंवा फोमची शीट टाक आधी, दगड थेट काचेवर नको. फोटो टाक मांडल्यावर, सॉइल भरायच्या आधी.