मदत हवी आहे: निरीक्षणात दिसलेली आडवाट अहवालात लिहावी का?

नमस्कार. मी डिझायनर, मानवशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. एका रुग्णालयासाठी रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर नव्याने करतोय. मुलाखतींत परिचारिकांनी एकमुखाने सांगितलं, 'छान चालतं, काही अडचण नाही.' विश्वास बसेना. मग परवानगी काढून, प्रत्येकीला मी कोण आणि कशासाठी आलोय ते सांगून, तीन आठवडे वॉर्डातच ठाण मांडलं. पहिले चार दिवस सगळ्या जणी अगदी नियमाने वागल्या. पुढे मी प्रिंटरमध्ये कागद भरू लागलो, फायली पोचवू लागलो आणि हळूहळू त्यांना माझा विसर पडला.

तेव्हा खरं काम दिसलं. ड्युटीवर आधी येईल ती लॉगिन करते आणि अख्खी पाळी तिच्याच नावाने नोंदी घालते. हातमोजे काढा, पासवर्ड टाका, तेवढ्यात पलीकडची घंटा वाजते. परत येईतो स्क्रीन बंद. म्हणून आकडे आधी खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचे आणि जमेल तेव्हा एकदम चढवायचे. मुलाखतीत हे कुणी बोललं नव्हतं, आणि का बोलावं?

आता अडलंय. लिहिलं तर त्यांच्यावर कारवाई व्हायची. गाळलं तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही तीच चूक राहील. शिवाय आमचे प्रमुख म्हणतात, 'एका वॉर्डातल्या गोष्टींवरून डिझाइन ठरवायचं का?' आणि हो, हाताला काम असताना टिपणं कधी काढता तुम्ही मानवशास्त्रज्ञ मंडळी?

प्रतिसाद १
टिपणांचं आधी. दोन-तीन शब्द जागेवर खरडायचे (प्रसाधनगृह ही आमच्या धंद्यातली जुनी अभ्यासिका) आणि त्याच रात्री सविस्तर उतरवायचे. झोपलात की निम्मं गेलं. पाहिलेलं आणि तुम्हाला वाटलेलं वेगवेगळं ठेवा.

प्रमुखांना ल्युसी सचमन यांचं काम दाखवा. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात या मानवशास्त्रज्ञ बाईंनी लोक फोटोकॉपी यंत्राशी कसे झगडतात ते चित्रित करून तपासलं; त्यावरचं पुस्तक १९८७ साली आलं. यंत्राने गृहीत धरलेला क्रम एक, आणि माणूस प्रसंग पाहून करतो ते दुसरंच, हे त्यातून दिसलं. किती जणी असं करतात ते सर्वेक्षणातून मोजता येईल. का करतात ते तुम्ही पाहिलंत. अहवालातही कर्ता बदला. 'परिचारिका नियम मोडतात' असं नको. 'सॉफ्टवेअर एकटीचं काम गृहीत धरतं, इथे काम अख्ख्या पाळीचं आहे' असं लिहा.

प्रतिसाद २
कर्ता बदलून भागणार नाही. वॉर्ड एकच असेल तर नावं गाळूनही माणसं ओळखू येतात. शिवाय ही आडवाट निरुपद्रवी नाही: औषध चुकलं तर नोंदीत नाव भलतीचंच. अहवाल वर जाण्याआधी तो भाग परिचारिकांनाच वाचायला द्या. आणखी एक-दोन वॉर्ड पाहता आले तर बघा, म्हणजे बोट एकाच ठिकाणाकडे जाणार नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काल मसुदा दाखवला. लॉगिनबद्दल कुणाचीच हरकत नव्हती. उलट 'एकदाचं लिहाच' म्हणाल्या. मला निरागस वाटलेली चिठ्ठी मात्र काढायला लावली, कारण ती कधीकधी चुकून खिशातून घरी जाते. गंमत म्हणजे मला नवी स्क्रीन हुबेहूब त्या चिठ्ठीसारखीच करायची आहे. चिठ्ठीचं नाव न घेता ती कशी मागू?