प्रायमरीत दारं ठोठावून काय होतं?

क्वीन्सकर:
काल एकाने इथे लिहिलं की अमेरिकेत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, पैशावर जिंकतात, दारोदार फिरणारे व्हॉलंटियर म्हणजे रिकामटेकडे, आणि पुरावा म्हणून मिशिगनमधून खासदार झालेल्या श्री ठाणेदारांचं नाव टाकून मोकळा झाला. दोनदा उत्तर लिहून पुसलं, आता लिहितोच. २०१८ ला मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहायचो, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे मत नाही, देणगी द्यायलाही बंदी, पण बिनपगारी राबायला कायद्याची हरकत नाही. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ ही नवखी बाई डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभी होती, तिच्यासाठी दर शनिवारी फिरायचो. समोर त्याच पक्षाचा जोसेफ क्रॉली, १९९९ पासून खासदार, चौदा वर्षांत त्याच्यासमोर प्रायमरीत कुणी उभं राहिलेलं नाही. त्या वर्षी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, प्रायमरी २६ जूनला आणि राज्याची सप्टेंबरात, त्यामुळे मी ज्यांच्या दारात गेलो त्यातल्या बऱ्याच जणांना जूनमध्ये मतदान आहे हेच माहीत नव्हतं. एका बांगलादेशी काकूंनी तर मला आत बसवून चहा दिला आणि तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली, म्हणाल्या मला हे सांगायला आजवर कुणी आलंच नाही. शेवटी एकूण मतं पडली तीस हजारांच्या आत आणि ती जिंकली जवळपास ५७ टक्क्यांनी. फरक साधारण चार हजारांचा. एवढी मतं माणसं जिने चढून गोळा करू शकतात.

डेट्रॉइटजवळचा:
भाऊ, एक क्वीन्स किती वर्षं पुरवणार? २०२२ ला डेट्रॉइटच्या मिशिगन तेरा मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ उमेदवार होते, त्यातल्या एकासाठी मी पूर्ण जुलै उन्हात फिरलो. यादीतली निम्मी घरं रिकामी, काही तर पाडलेली. ऑफिसात शेवटपर्यंत कुणी माझं नाव विचारलं नाही. आणि जिंकलं कोण? ज्यांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले ते ठाणेदार. २८ टक्क्यांत खासदार.

पुण्याहून:
तुमच्याकडे निदान तिकीट मतदार ठरवतात हो. इथे आम्ही वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, बूथवर चिठ्ठ्या वाटल्या, आणि पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म मिळाला अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या पक्षातून आलेल्याला. आमच्याकडे प्रायमरी असती तर मी स्वतः उभा राहिलो असतो.

बेळगावची लेक:
ठाणेदारांना नुसता पैसेवाला म्हणू नका, राग येतो. बेळगावात गरिबीत वाढलेला आपला माणूस, १९७९ ला अमेरिकेत आला, मंदीत कंपनी बुडाली, मग नवीन उभी केली. २०२२ ला बाहेरच्या एका सुपर पॅकने, म्हणजे प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतू शकणाऱ्या गटाने, त्यांचा प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियरसाठी चाळीस लाखांहून जास्त डॉलर ओतले, डेट्रॉइटचे महापौरही त्याच्याच बाजूला. मग तिथे अंडरडॉग कोण होतं?

डेट्रॉइटजवळचा:
ताई, आपला माणूस म्हणजे कुणाचा? डेट्रॉइटमधले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, १९५५ पासून त्यांचा एक तरी खासदार असायचा, २०२३ पासून एकही नाही. एका आजोबांनी मला दारातच विचारलं, तुझा काय संबंध? काय सांगणार होतो? मी राहतो उपनगरात.

बेळगावची लेक:
मग बेळगावात मराठी माणसाने काय सांगायचं? आम्हाला पण कुणी विचारत नाही आमचा खासदार कोण असावा ते. निवडून दिलं ते त्याच डेट्रॉइटच्या मतदारांनी, आणि २०२४ ला परत निम्म्याहून जास्त मतांनी दिलं. त्यांना अक्कल नाही असं म्हणायचंय का?

डेट्रॉइटजवळचा:
तोंडात शब्द घालू नका. अक्कल काढली नाही मी कुणाची.

क्वीन्सकर:
दोघंही थांबा जरा, २०२४ ची गोष्ट निघालीच आहे तर पूर्ण सांगा की. २०२२ ला दुसरा आलेला तोच हॉलियर परत उभा राहणार होता, मतपत्रिकेवर नाव यायला मतदारांच्या लागत होत्या फक्त १,००० वैध सह्या, निघाल्या ८६३. नाव मतपत्रिकेवरच आलं नाही. सह्या गोळा करणाऱ्यांनी घोळ घातला होता, एकाच हाताने लिहिल्यासारखे कागद. उमेदवाराचं काम मनापासून करणारी पन्नास माणसं दोन शनिवार बसली असती तर प्रत्येकी वीस सह्या काढून हजार झाल्या असत्या. पैसा नव्हता म्हणून नाही अडलं ते.

डेट्रॉइटजवळचा:
हे मात्र खरंय, सह्यांचं मान्य. मिशिगनमध्ये २०२२ ला गव्हर्नरचे पाच रिपब्लिकन उमेदवार पण खोट्या सह्यांपायीच बाद झाले होते. पण सह्या वेगळ्या आणि मतं वेगळी, तीस हजारांत जिने चढून भागतं, नऊ जणांच्या गर्दीत ज्याचं नाव टीव्हीवर रोज दिसतं तोच लक्षात राहतो.

बेळगावची लेक:
आणि मी म्हणते आपल्या लोकांनी आधी आपल्या माणसासाठी फिरावं.

क्वीन्सकर:
मी ज्या बाईसाठी फिरलो ती माझी कुणीच नव्हती ताई, तरी त्या काकूंचा चहा मी विसरलेलो नाही. पुण्याच्या दादांनी निदान वॉर्डात अपक्ष उभं राहून बघावं, चिठ्ठ्या वाटायला सुट्टी काढून येतो.

पुण्याहून:
अपक्षाचं डिपॉझिट कोण भरणार ते आधी बोला.