'क्विअर ॲज फोक' मराठीत कसं सांगाल?

धागा

माझा धाकटा भाऊ गे आहे. त्याने घरी सांगितल्यापासून आईला त्याच्या जगाबद्दल जे मिळेल ते समजून घ्यायचं असतं, पण तिला इंग्रजी येत नाही. म्हणून सध्या 'क्विअर ॲज फोक'मधले निवडक प्रसंग लावतो आणि शेजारी बसून मराठीत सांगतो. अमेरिकन नव्हे, मूळ ब्रिटिश मालिका, रसेल टी. डेव्हिसने लिहिलेली, फेब्रुवारी १९९९ मध्ये चॅनल फोरवर आलेली. मँचेस्टरच्या कॅनॉल स्ट्रीटवर रात्री काढणारे स्टुअर्ट आणि विन्स हे मित्र आणि त्यांच्यात येऊन पडलेला पंधरा वर्षांचा नेथन. विन्सचा स्टुअर्टवर किती वर्षांपासून जीव आहे, हे आईला मला सांगावंच लागलं नाही.

अडलंय दोन ठिकाणी. एक तर नाव. दुसरा प्रसंग २००० सालच्या दुसऱ्या भागातला. भाचा 'घरी सांगेन' म्हणून स्टुअर्टला धमकावतो. तेव्हा स्टुअर्ट आईवडिलांसमोर स्वतःच सांगून टाकतो, आणि सांगताना समलिंगी पुरुषांसाठी इंग्रजीत आहेत नाहीत ते सगळे शब्द, शिव्यांसकट, एका दमात स्वतःला लावून घेतो. इथे माझी मराठी आटली. समलिंगी, गे, आणि पुढे? 'बायल्या', 'छक्का' आहेत. पण ते 'हा पुरुष नाही' एवढंच म्हणतात. तो कुणावर प्रेम करतो, हे त्यांत कुठेच येत नाही. शब्द सुचवा.

प्रतिसाद १

नावामागे उत्तर इंग्लंडातली एक म्हण आहे: 'देअर्स नाउट सो क्विअर ॲज फोक'. 'नाउट' म्हणजे काहीच नाही. जगात माणसाइतकं चमत्कारिक काही नाही, असा अर्थ. 'क्विअर' आधी नुसतं विचित्र, विलक्षण या अर्थाने होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची शिवी होऊ लागली आणि १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या 'क्विअर नेशन'ने तीच शिवी स्वतःचं नाव म्हणून घेतली. मालिकेच्या नावात म्हणही आहे आणि शिवीही. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणीच्या अगदी जवळ जातं, पण त्यात शिवीचा डंख नाही. ते घेऊ नये असं माझं ठाम मत.

प्रतिसाद २

'समलिंगी' या शब्दाबद्दलच माझी तक्रार आहे. व्याकरणाने पाहिलं तर एकटा माणूस समलिंगी असूच शकत नाही. कुणाच्या तरी तुलनेतच होतो. त्या हिशेबाने दोन सख्खे भाऊही समलिंगी! 'समलिंगी आकर्षण' म्हटलं की अर्थ नीट लागतो. 'उभयलिंगी'चंही तेच: वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात फूल उभयलिंगी असतं, आणि तोच शब्द आपण माणसाच्या ओढीसाठी वापरतो. मला आवडणारा शब्द 'समपथिक'. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचं हे नाव. त्यात शरीर नाही, सोबतीने चालणं आहे. पण स्टुअर्टच्या तोंडी तो शोभणार नाही. तो संतापलेला आहे, त्याला खरखरीत शब्द हवेत.

आणि एक शब्द तुम्ही विसरलात: 'तसला'. 'तो जरा तसला आहे.' आपल्या घराघरांत हाच चालतो. मराठीने यासाठी रोजचा शब्द केलाच नाही, सर्वनामावर भागवलं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. काल 'तसला' आईला वाचून दाखवला. मटार सोलत होती. हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "चुलत्याच्या लग्नात पंगतीला कुणीतरी म्हणालं होतं त्याला असं. वाढता वाढता ऐकलं मी. हातात भाताचं पातेलं होतं." मग थोड्या वेळाने, "तो शब्द घे. शिवी दिली तर भांडता तरी येतं."

तेव्हा स्टुअर्टची माळ आता अशी: "मी गे आहे, समलिंगी आहे, बायल्या म्हणा, छक्का म्हणा. तुम्ही हळू आवाजात म्हणता ना, तो तसला, तो मी आहे."

आईने दोनदा म्हणवून घेतलं. 'तसला'वर आवाज खाली आणू नकोस, म्हणाली.

नावाचं मात्र अजून अडलेलंच आहे.