मदत हवी आहे: किनाऱ्यावरून समुद्रातली फ्लाय फिशिंग

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा. किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग (जड लाइनच्या, म्हणजे दोरीच्या, वजनावर गळाची हलकी कृत्रिम माशी फेकून मासे पकडणं) शिकायची मनापासून इच्छा आहे. खंभातचं आखात जवळ, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो, पाणी गढूळ, वर गुडघाभर चिखल. नवख्याने तिथे उतरूच नये. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे रत्नागिरीला सुरुवात करणार.

9 फुटी, 8 वेटचा (8 नंबर वजनाच्या लाइनसाठीचा) रॉड नक्की केलाय. अडलंय ते लाइनवर: फ्लोटिंग (तरंगणारी) घेऊ की इंटरमीडिएट (हळूहळू बुडणारी)? लाटांत फ्लोटिंग सारखी मागे ढकलली जाते म्हणतात. दुसरं, वारा उजव्या अंगाने आला की गळाची माशी थेट कानाशी येते; तेव्हा कास्ट (लाइनची फेक) कसा करता? आणि खाडीच्या मुखाशी जिताडा मासा भरतीला लागतो की ओहोटीला? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.