सगळं खापर कोयोटीवर नको
अमेरिकेतल्या रानटी टर्की कमी होतायत त्या कोयोटीच (लांडग्यासारखा छोटा रानकुत्रा) संपवतायत, असं म्हणतात ते काही पटलं नाही बुवा. कोयोटी, बॉबकॅट (तिथलं रानमांजर) पूर्ण वाढलेली टर्की मारतात हे खरंय पण खरा घोळ अंडी नि पिल्लांत आहे. मादी घरटं करते जमिनीवर, दहाबारा अंडी, 28 दिवस उबवायची, आणि पिल्लांना पहिले दोनेक आठवडे झाडावर जाताच येत नाही म्हणजे रात्रसुद्धा जमिनीवरच, त्यात रकून, ओपोसम असले अंडी खाणारे छोटे प्राणी नि साप टपलेलेच. फरचे भाव पडल्यावर मिसूरी राज्यात आता फरसाठी सापळे लावून रकून पकडतंय कोण? त्यात ऐन मे-जूनमधे थंड पाऊस लागला की भिजलेली पिल्लं गारठून मरतात. शिवाय सुरुवातीला त्यांना किडेच लागतात, नाकतोडे वगैरे, ते मिळतात मोकळ्या, विरळ गवतात आणि तिथे आता सगळीकडे दाट फेस्क्यू गवत, नाहीतर मुद्दाम आग लावून रान साफ न केल्यामुळे माजलेलं झुडूप. बॉबव्हाइट जातीचे लावे पक्षी तर यातच टर्कीच्या कितीतरी आधी गेले.
टेनेसी राज्याने 2023 पासून टर्कीच्या शिकारीचा वसंतातला सीझन दोन आठवडे पुढे ढकललाय, ठीके, पण मला तरी गवतकापणी उशिरा करण्यात जास्त फायदा वाटतो. शेजारच्या शेतात मोवरखाली अख्खं घरटं गेलेलं पाहिलंय मी.