प्रति: रोज पन्नास शब्द पाठ करा

परीक्षेसाठी रोज पन्नास इंग्रजी शब्दांची यादी पाठ करा, हा वरचा सल्ला मला पटत नाही. एमबीए सीईटीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेश परीक्षेत, 200 प्रश्नांपैकी इंग्रजीचे 50, वेळ सगळा मिळून 150 मिनिटं. तिथे शब्द पाहिल्याबरोबर अर्थ सुचायला हवा. यादी मात्र ओळीने पाठ होते, मधलाच शब्द विचारला की गाडी अडते. शिवाय बहुतेकांची यादी ‘ए’च्या पुढे सरकतच नाही!

आमच्या भुसावळच्या ग्रुपमध्ये लाइटनरचे, म्हणजे शब्दांच्या कार्डांसाठी कप्पे केलेले, खोके चालायचे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 मध्ये मांडलेली पद्धत. कार्डाच्या एका बाजूला शब्द, मागे अर्थ. बरोबर आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज तपासायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. म्हणजे आधीच येत असलेल्या शब्दांवर वेळ जात नाही. कार्डं विकत कशाला घ्यायची, लग्नसराईतल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या. मागे नुसता अर्थ नको, आपल्याकडचं वाक्य लिहा: ‘रावेरला केळीचे भाव प्लमेट झाले.’ आणि हो, या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे अडलेला शब्दही कोरा सोडू नका. कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी मात्र कार्डांपेक्षा उताऱ्यांना वेळ द्यावा, तिथे सुटे शब्दार्थ हल्ली विचारत नाहीत.